जल्दी फोटोची एकच प्रत

भाऊजी,

तुमचा तेरावा पार पडला. भात कमी पडला नाही, पाहुणे आपापल्या गाड्यांना वेळेत निघाले आणि तुमच्या दादांनी ऐन नैवेद्याच्या वेळी चष्मा हरवला. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी लवकर उठले, परातीत पीठ काढलं, आणि मग आठवलं की आज औरंगाबादला जायचं नाही. वर्षभर आठवड्यातून दोनदा तुम्हाला डायलिसिसला नेताना डबा करायची सवय झाली होती. पीठ परत डब्यात टाकलं. रडू आलं नाही. थकवा मात्र आला, वर्षभराचा एकदम, आणि मी स्वयंपाकघरातच पाट टाकून बसून राहिले.

दुपारी कॉम्प्युटर लावला आणि इंटरनेटवरच्या त्या मराठी ज्ञानकोशातला ‘तत्काळ कॅमेरा’ हा लेख उघडला. कोणीही लिहावं आणि कोणीही दुसऱ्याचं लिहिलेलं खोडावं असा तो कारभार. आपल्या दोघांना मानवला. लेखात सगळ्यात वर कॅमेऱ्याचं चित्र आहे, पांढऱ्या पाठीवरचं, स्वच्छ, माझ्या पसंतीचं. त्याखाली तुम्ही लावलेला फोटो नाही. तुम्हाला तो तिथं हवा होता आणि मला नको होता. एका घरात राहून, एकाच कॉम्प्युटरवरून आपण त्यावर कितीतरी महिने भांडलो, आणि निकाल लागायच्या आत तुम्ही गेलात. जाण्याआधी तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय, म्हणून हे लिहिते आहे.

तुमचं शिक्षण, तुमचा जन्म, स्टुडिओ कधी उघडला, हे सगळं ज्यांना हवं त्यांनी दादांना विचारावं. मला तुमच्यात पहिल्यांदा दिसला तो कॅमेरा.

चौऱ्याऐंशीचा उन्हाळा होता. परतूरला आमच्या घरी तुम्ही तिघं मला बघायला आलात: नवरदेव म्हणून तुमचे दादा, तुमचे मामा आणि तुम्ही. मामा बोलणार, दादा गप्प बसणार आणि तुम्ही फोटो काढणार, अशी वाटणी तुम्ही गाडीतच करून आला होतात म्हणे. तुमच्या गळ्यात तो डबडा कॅमेरा होता. दुबईला गेलेल्या मित्रानं आणून दिलेला. बटन दाबलं की पुढच्या फटीतून लगेच फोटो बाहेर यायचा, आधी कोरा, मग बघता बघता त्यात माणूस उगवायचा. जुन्या जालन्यात तुमच्या गल्लीत त्याला सगळे ‘जल्दी फोटो’ म्हणायचे.

आमचे आबा त्या काळी फोटोला राजी नव्हते. त्याला कारण होतं. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचा फोटो कुठल्याशा स्टुडिओवाल्यानं चांगला आला म्हणून काचेच्या कपाटात लावला होता, आणि बाजाराला येणारा प्रत्येक जण तो बघून जात होता. तिचं जमत आलेलं लग्न त्यावरून अडलं. तेव्हापासून आमच्याकडं मुलीचा फोटो म्हटलं की बाप लोक पहिला प्रश्न निगेटिवचा करायचे. आबांनीही तोच केला. मी दाराच्या आड ताटल्या भरत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

“निगेटिव कोणापाशी राह्यल?”

“याला निगेटिव न्हाईच, आबा,” तुम्ही म्हणालात. “जे निघलं ते निघलं, दुसरी प्रत व्हतच न्हाई. जमलं तर आमच्या घरी राह्यल. न्हाई जमलं तर मी सोता आणून देतो, तुमच्या हातात.”

“शब्द?”

“बिलकुल शब्द.”

त्या शब्दावर मी जाऊन खुर्चीत बसले. मला कोणी विचारलं नव्हतं, तुम्हीसुद्धा नाही. तुम्ही फक्त म्हणालात, “हलू नका हो, फिल्ममध्ये एकच शिल्लक हाय.” मी हलले नाही, पण नजर खिडकीबाहेर गेली, कारण आमची म्हैस सुटून कडब्याच्या गंजीकडं निघाली होती आणि घरातल्या कोणाचंच लक्ष नव्हतं. तेवढ्यात तुम्ही बटन दाबलंत. पुढं तुमच्या घरात सगळे तो फोटो बघून म्हणायचे, ‘पोरगी किती लाजली बघा.’ मी लाजले बिजले नव्हते. मला म्हशीची काळजी पडली होती.

फोटो बाहेर आला तो मामांनी तुमच्या हातातून ओढूनच घेतला.

“हे तं कोरं हाय!”

“दमा मामा, येऊन राह्यलाय.”

“कुठं येऊन राह्यलाय? कागद वाया गेला तुझा!” असं म्हणून मामांनी त्यावर अंगठा दाबून चोळला. तुम्ही ओरडलात, “अंगठा! मामा, अंगठा काढा!” पण उशीर झाला होता. फोटोच्या कोपऱ्यात, माझ्या खांद्याजवळ, मामांच्या अंगठ्याएवढा तपकिरी डाग कायमचा राहिला. आबा हसले. दिवसभरात पहिल्यांदा कोणीतरी हसलं होतं. मला वाटतं, लग्न जमलं ते त्या डागामुळं.

लग्न होऊन मी जालन्याला आले आणि कळलं की तुमच्या शब्दाचा तुम्ही धंदा केला होता. हे मी चांगल्या अर्थानं म्हणते. परतूर, मंठा, अंबड, जिथून निरोप येईल तिथं तुम्ही ‘बघण्या’च्या कार्यक्रमाला जायचात. स्टुडिओत दुसरे मोठे कॅमेरे होते, त्यांचे फोटो स्वच्छ यायचे, स्वस्तही पडायचे. तरी लोक तुमचा डबडा मागायचे, कारण त्याची दुसरी प्रत निघत नव्हती. जमलं तर फोटो मुलाच्या घरी. मोडलं तर तुम्ही जाऊन तो मागून आणायचा आणि मुलीच्या घरी पोचता करायचा. मध्यस्थाच्या हातात द्यायचा नाही, पोस्टानं पाठवायचा नाही.

आपल्याकडं फ्रिज आला तो खरं म्हणजे त्या फिल्मसाठी. आधी तुम्ही फिल्मचे डबे ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या तिवईखाली ठेवायचात, तरी वैशाखात फोटो लाल यायचे. फ्रिज आल्यावर दारातला वरचा कप्पा तुमचा. एकदा मी तिथं मिरच्या ठेवल्या तर तुम्ही तोंड फुगवून बसलात. सासूबाई गल्लीत सांगायच्या, “आमच्या घरी फोटोला थंड लागतं, माणसाला न्हाई.”

एक दिवस तुम्ही सकाळी गेलात ते दिवेलागणीला परत आलात. मंठ्याकडचं एक लग्न मोडलं होतं आणि मुलाकडचे लोक फोटो परत द्यायला तयार नव्हते. मी ताट वाढत विचारलं, “मिळाला?”

“मिळाला. म्हणत व्हते हरवला, पोरांनी फाडला. मी म्हनलं, मंग तुकडे द्या.”

“आणि?”

“आणि काय, त्यांच्या ओट्यावर बसून राह्यलो. जेवा म्हनले. म्हनलं, फोटो द्या, मंग जेवतो. दुपार झाली, चहा आणला. म्हनलं, फोटो द्या, मंग चहा पितो. शेवटी म्हातारा उठला अन् देवघराच्या मागून काढून दिला.”

“मग जेवलात तिथं?”

“आता त्याहिच्या घरी कोण जेवते, वहिनी?”

तो फोटो तुम्ही दुसऱ्या दिवशी मुलीच्या गावी नेऊन दिलात आणि उदास होऊन आलात. मी विचारलं तर म्हणालात, मुलीनं तो वडिलांच्या हातातून घेतला आणि सरळ चुलीत घातला. “लई चांगला आल्ता फोटो, वहिनी. इतका चांगला कधी न्हाई आल्ता.”

“तिचा होता. तिनं काय करायचं ते केलं.”

“बराबर हाय,” तुम्ही म्हणालात, पण तुम्हाला ते बराबर वाटलं नव्हतं. तुम्ही आमटीत पोळी बुडवून तशीच धरून बसलात. आपल्या सगळ्या भांडणाचं मूळ तिथं होतं, असं मला आता वाटतं. तुमच्या मते चांगला आलेला फोटो थोडाफार काढणाऱ्याचाही असतो.

इतक्या मुलींचे फोटो काढून तुम्ही स्वतः बिनलग्नाचे राहिलात. मी डिवचायची, “इतक्या बघितल्या, एकबी पसंत पडली न्हाई का?” तुम्ही म्हणायचात, “माझं काम काढायचं. पसंत करणारे दुसरे.” याच्या पुढं मी कधी गेले नाही, आणि आताही जाणार नाही.

मग त्या कॅमेऱ्याची फिल्म मिळेनाशी झाली. बघण्याच्या कार्यक्रमात मुलं मोबाइल काढून फोटो घ्यायला लागली. तुमच्या स्टुडिओत पासपोर्टचे फोटो तेवढे उरले. आमच्या मुलानं बंगळूरला नोकरी लागल्यावर त्याचा जुना कॉम्प्युटर घरी ठेवला, आणि तुम्हाला तो ज्ञानकोश सापडला. तुम्ही छायाचित्रणावर लिहायला लागलात. मी बियाण्याच्या कंपनीत पाकिटांचा मजकूर तपासायचं काम करते, मला चुका दिसल्या की हात शिवशिवतात. तुमच्या लेखातल्या चुका मी दुरुस्त करायला लागले आणि बघता बघता मीही तिथली झाले. तुमचं तिथलं नाव ‘जल्दीफोटो’, माझं ‘तिफण’, बी पेरायची. तिथं कोणाला माहीत नव्हतं की तिफण आणि जल्दीफोटो एका कुकरचं वरण खातात.

पहिलं भांडण वरच्या चित्रावरून. तुम्ही तुमच्याच डबड्याचा फोटो लावला होता, स्टुडिओच्या टेबलावर, मागं तेलाच्या दुकानाचं कॅलेंडर, शेजारी चहाचा कप. मी तो काढून पांढऱ्या पाठीवरचा लावला. तिथं बदल केला की एका ओळीत कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, ‘पाकिटावर जे चित्र तेच बी आत असावे.’ तुम्ही जिन्यावरून ओरडलात, “वहिनी, हे काय कपाशीचं पाकीट हाय का?” पण ते भांडण मी जिंकले. कॅलेंडरचं समर्थन तुम्हालाही करता आलं नाही.

मग एका रविवारी लेख उघडला तर मधोमध मी. एकोणीस वर्षांची, खांद्याजवळ मामांचा अंगठा, नजर म्हशीकडं. तुम्ही कपाटातला फोटो स्टेशनजवळच्या इंटरनेटच्या दुकानात नेऊन स्कॅन करून आणला होता, आणि कोणालाही कुठंही वापरायची मुभा देऊन चढवला होता. खाली ओळ होती: ‘मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात काढलेले तत्काळ छायाचित्र, परतूर.’

मी तो काढला. कारण लिहिलं, ‘लेखाचा विषय कॅमेरा आहे, मुलगी नाही.’

तुम्ही परत लावलात. ‘कॅमेऱ्याचे इकडे काय काम होते ते दाखवणारे एकमेव चित्र.’

मी काढला. ‘अनावश्यक.’

तुम्ही लावलात. ‘आवश्यक.’

घरात आपण यावर फारसं बोललो नाही, हे आता चमत्कारिक वाटतं. कदाचित दोघांनाही लिहून भांडणंच सोपं गेलं. ज्ञानकोशात साक्षेपी या नावानं लिहिणारे पुण्याचे एक गृहस्थ आहेत, नियमांचे पक्के. ते मध्ये पडले. त्यांनी चर्चेच्या पानावर विचारलं की छायाचित्रातल्या व्यक्तीची संमती आहे काय. तुम्ही उत्तर दिलंत, ‘त्या आमच्या घरातल्याच आहेत, संमतीचा प्रश्न येत नाही.’ मी खाली लिहिलं, ‘घरातल्या असल्या की प्रश्न येत नाही, हे कोणत्या नियमात आहे?’

एवढं होऊन तुम्ही खाली आलात आणि झाकण उघडून विचारलंत, “भाजी कायची?”

“दोडक्याची.”

“माझी संमती घेतली व्हती का?”

“खायची नसेल तर परत लावू नका ताटात,” मी म्हटलं. तुम्ही दोन वेळा वाढून घेतलीत.

चार दिवसांनी साक्षेपींनी नवाच बॉम्ब टाकला. दोन्ही खाती एकाच कॉम्प्युटरवरून चालतात असं त्यांना आढळलं होतं. एकच व्यक्ती दोन नावं घेऊन स्वतःशीच वाद घालते आहे आणि सर्वांचा वेळ दवडते आहे, खुलासा करावा, नाहीतर दोन्ही खाती बंद होतील. तुम्ही ते मोठ्यानं वाचून दाखवलंत आणि हसता हसता खोकला लागला तुम्हाला. “घ्या! आता आपुन एकच माणूस. वहिनी, तुमचा पगार मला द्या अन् माझी तब्येत तुम्ही घ्या.” तेव्हा तुमच्या पायांवर सूज दिसायला लागली होती. दादा पेपरातून डोकं काढून म्हणाले, “एका घरात बसून तुम्ही पुण्याच्या माणसाला न्याय मागून राह्यले? मला का नाही विचारत?” आपण दोघं एकदम म्हणालो, “तुम्ही गप बसा.”

आपण दोघांनी मिळून खुलासा लिहिला. आपलं एकमत झालेलं तिथलं तेवढंच एक लिखाण. साक्षेपींनी खाती चालू ठेवली आणि निर्णय दिला: फोटोतल्या व्यक्तीची संमती मिळेपर्यंत तो लेखातून काढत आहे. फोटो ज्ञानकोशाच्या चित्रांच्या साठ्यात राहिला, लेखातून गेला. आता फक्त तुम्ही मला विचारायचं बाकी होतं. तुम्ही विचारलं नाहीत. मीही वाट बघितली नाही, कारण डायलिसिस सुरू झालं आणि बाकी सगळं मागं पडलं.

त्या वर्षाचं काय लिहू. गाडीची वेळ, फायलीतले कागद, हाताची ती फुगलेली शीर, दिवसाला मोजून दिलेलं पाणी. तुम्ही चांगले पेशंट नव्हतात. नळाखाली चूळ भरायच्या नावानं पाणी प्यायचात आणि मी ओरडायची. नर्स मला म्हणाली, “बाई, मिस्टरांवर किती ओरडता.” तुम्ही म्हणालात, “मिस्टर न्हाई मी. मिस्टरांवर यापेक्षा जास्त ओरडतेत.”

एका परतीच्या पॅसेंजरमध्ये तुम्ही खिडकीशी बसला होतात. बदनापूरला मोसंबीवाली चढली. मोसंबी तुम्हाला बंद होती, आणि जालन्याच्या माणसाला मोसंबी बंद म्हणजे काय ते मला कळत होतं. तुम्ही टोपलीकडं बघत राहिलात. मग म्हणालात, “वहिनी, एक इचारू का?”

“मोसंबी सोडून काहीबी विचारा.”

“त्यो फोटो. लावू द्यान का मला? तुमचा हाय, म्हणून इचारून राह्यलो.”

तुम्ही माझ्याकडं बघत नव्हतात. लग्नाआधी परतूरच्या खोलीत जे कोणी विचारलं नव्हतं ते तुम्ही गर्दीच्या डब्यात, शेजारी पोत्यावर बसलेल्या माणसाच्या देखत विचारलंत. मी खूप दमले होते. मी म्हटलं, “बघू.” तुम्ही मान हलवलीत. मग स्टेशन आलं आणि तुम्हाला धरून उतरवायचं होतं.

त्यानंतर तुम्ही विषय काढला नाहीत. ‘बघू’ म्हणजे बघू, असंच तुम्ही समजलात आणि वाट बघितलीत. मला त्याचं वाईट वाटत नाही. खरोखरच मला बघायचं होतं. आता बघून झालंय.

उत्तर ‘नाही’ असं आहे, भाऊजी.

तुमच्या आत्याबाईंनी परवा सांगितलं, त्याची शेवटची इच्छा समज आणि लावून टाक. मेलेल्या माणसाचं ऐकावं हे खरं. पण मग मेलेल्या माणसाचा शब्दही पाळावा लागतो, आणि तुमचा शब्द त्या विचारण्याच्या आधीचा आहे. दुसरी प्रत होणार नाही, असं तुम्ही आबांना सांगितलंत. तसंच तुम्ही मंठ्याला सांगितलंत, अंबडला सांगितलंत, न जाणो किती ओट्यांवर सांगितलंत. त्या भरवशावर एकेक मुलगी खुर्चीत येऊन बसली. त्यातल्या काही आता सासवा झाल्या असतील. त्यातली एखादी उद्या हा लेख वाचेल, माझा फोटो बघेल आणि तिच्या मनात येईल की म्हणजे याच्याकडं प्रती होत्या तर. माझं जमलं म्हणून हा एकच घरात राहिला, असं आपण तिला कुठं सांगत बसणार? तुम्ही काय काम केलंत ते दाखवायला तो फोटो लावायचा, आणि लावला की तेच काम खोटं पडतं. पाकिटावरचं चित्र आणि आतलं बी जुळत नाही. तुम्ही हसाल, पण मला दुसरी उपमा येत नाही.

आणि मलाही तो नको आहे, हेही सांगून टाकते. ते कारण सगळ्यात लहान आहे पण माझं आहे. तुम्ही विचारलंत म्हणून ‘नाही’ म्हणता आलं. विचारल्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले. गाडीत सुचलं नाही.

साक्षेपींना मी कळवलं की त्यातली व्यक्ती मीच, माझी संमती नाही, फोटो साठ्यातूनही काढावा. त्यांनी पुरावा मागितला. मी ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो पाठवला. उत्तर आलं: ‘साम्य फारसे जाणवत नाही, तथापि विनंती मान्य.’ हे वाचून तुम्ही आठवडाभर हसला असतात. मी वरच्या खोलीकडं बघून दोनदा हाक मारायला तोंड उघडलं.

त्यांना तुमचं कळवलं तेव्हा त्यांनी चर्चेच्या पानावर दोन ओळी लिहिल्या. ‘जल्दीफोटो यांच्याशी मतभेद होते. त्यांची उणीव भासेल.’ बरे गृहस्थ आहेत.

फोटो गेला, पण तुमचं म्हणणं मला पटत होतं की त्या कॅमेऱ्याचं इकडं काय काम होतं ते लेखात यायला हवं. वरच्या पांढऱ्या चित्रावरून ते काही कळत नाही. म्हणून मी तुमच्या फोटोच्या जागी एक वाक्य लिहिलं: ‘मराठवाड्यात मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात हा कॅमेरा वापरला जाई, निगेटिव्ह नसल्याने छायाचित्राची एकच प्रत असे आणि लग्न न जमल्यास ती मुलीच्या घरी परत केली जाई.’ दुसऱ्या दिवशी त्यापुढं खूण आली, ‘संदर्भ हवा’. साक्षेपींनी खाली लिहिलं होतं की छापील आधार द्यावा, नाहीतर वाक्य काढावं लागेल.

त्यांचं चुकलं नाही. मीही हेच केलं असतं. पण आधार कुठला देऊ? हे कोणी कधी लिहून ठेवलं नाही. ज्या मुलींचं जमलं नाही त्या बोलणार नाहीत, आणि का बोलतील? फोटो कुठं कपाटात आहेत, कुठं चुलीत गेले. तुम्ही काम इतकं चोख केलंत की पुरावाच उरला नाही.

परवा जिल्ह्यातल्या फोटोवाल्यांच्या स्मरणिकेचे लोक आले. भाऊंवर दोन पानं द्या म्हणाले, त्यांचा परिचय, कार्य आणि स्वभाव. मी म्हटलं, मी लिहीन, पण मला हवं ते लिहीन, आणि तुम्ही एक शब्द कमी करायचा नाही. ते बिचारे तयार झाले. हे ते लिखाण. कॅमेरा कुठून आला, फिल्म कुठं ठेवायचात, फोटो कसा परत व्हायचा, हे वर सगळं नीट घातलंय, आणि एकाही मुलीचं नाव घातलेलं नाही.

स्मरणिका छापून आली की पान क्रमांकासह मी ती त्या वाक्यापुढं लावणार आहे. साक्षेपी हरकत घेतील. म्हणतील, लेखिका नात्यातली आहे, असा आधार चालत नाही. त्यांचं बराबर असेल. ते काढतील, मी परत लावीन. ते पुन्हा काढतील. इतके दिवस काढायचं काम माझ्याकडं होतं आणि परत लावायचं तुमच्याकडं. आता ते मला करावं लागणार, आणि त्याला किती दम लागतो ते मला आत्ता कुठं कळून राह्यलंय.